मूठ भरली पाहिजे

कुठलीही दांडी बाजारातून जशी आली तशी नानांना सहन होत नसे. नवी छत्री घेतली की त्याच संध्याकाळी तिच्या मुठीवर सुतळीचे वेढे चढायचे. घरातला झारा, कालथा, लाटण्याची दोन्ही टोकं, कंदिलाची कडी, सायकलचं हँडल, सगळ्यांना त्यांनी काही ना काही गुंडाळून ठेवलं होतं. कुठे चिंधी, कुठे दोरा, कुठे सायकलच्या ट्यूबचं रबर. त्यांच्याकडे चहाला गेलं तर कपाच्या कानालासुद्धा लोकर गुंडाळलेली असायची आणि वाटायचं, या कपाला सर्दी झाली असावी.

"मूठ भरली पाहिजे," ते म्हणायचे. "बारीक दांडी म्हणजे हातात असून नसल्यासारखी."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल याला गणती नाही. मी वैतागायचो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, सिल्वासासारख्या आडगावात येऊन पडलो होतो आणि समोरच्या टेबलावर बसणारा माणूस दिवसभर दांड्यांविषयी बोलत होता. वैतागणार नाही तर काय!

नाना हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत कोणीतरी म्हटलं आणि चिकटलं. हा मुलूख नुकताच रीतसर भारतात सामील झाला होता आणि मुंबईहून, कोकणातून आमच्यासारखी नोकरदार माणसं भराभर आणून बसवली जात होती. पोर्तुगीजांच्या वेळचे गावोगावचे नकाशे नव्यानं उतरवून काढायचं काम आमच्या खोलीत चाले. नाना ड्राफ्ट्समन, मी त्यांच्या हाताखालचा. जुन्या नकाशांवर गावांची नावं अशा काही स्पेलिंगांत लिहिलेली असत की खानवेल कुठलं आणि आमली कुठली हे चपराशाला विचारून ठरवावं लागे.

नाना खुर्चीत बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. एक रेघ ओढायची की उठायचं. खिडकीशी जायचं, परत यायचं, नकाशाकडे मान वाकडी करून बघायचं, पुन्हा उठायचं. उजवा हात सदैव पँटच्या खिशात आणि खिशाच्या आत काहीतरी सारखं हलत असलेलं. मला वाटायचं, पैसे चाळवतात. किंवा जप करतात. एकदा मी विचारलंसुद्धा, "नाना, माळ आहे का खिशात?" तर म्हणाले, "हो, रामाचं नाव घेतो, तू तुझी रेघ सरळ काढ."

त्यांच्या टाकाला इतका दोरा गुंडाळलेला होता की तो टाक राहिला नव्हता, छोटंसं मुसळ झालं होतं. दुसऱ्या कोणी तो हातात धरला तर अक्षर नव्हे, डाग पडे. नाना मात्र त्याच टाकानं केसासारखी बारीक रेघ ओढायचे. ओढायचे म्हणजे सकाळी. दुपारनंतर ते मला म्हणायचे, "नावं तू घाल रे. तुझं अक्षर सुबक आहे." मला बरं वाटायचं. तेविसाव्या वर्षी कोणी अक्षराची स्तुती केली तरी चालते, बाकी स्तुती करण्यासारखं काही नसतंच.

पण हे सगळं झालं कचेरीतलं. नानांचं खरं वेड रविवारी दिसायचं.

टोकरखाड्याच्या पलीकडे एक मोकळं माळरान होतं. तिथे आम्ही काथ्याची चटई अंथरून क्रिकेट खेळायचो. आमचे मोठे साहेब क्रिकेटवेडे. त्यांनीच टीम उभी केली होती, तेच कप्तान होते आणि कचेरीत येऊ घातलेल्या माणसाला ते आधी विचारायचे, "बॅटिंग की बोलिंग?" नाना मुंबईत चांगल्या क्लबांतून खेळलेले. ते सलामीला जायचे.

त्यांची बॅट हा सिल्वासातला प्रेक्षणीय प्रकार होता. पातं साधंच, जुनं, अळशीचं तेल पिऊन काळपट झालेलं. पण दांडा! मूळच्या वेताच्या दांड्यावर सुतळीचे थर, त्यावर ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या, त्यावर एक ग्रिप, त्या ग्रिपवर आणखी एक. मनगटाएवढा जाड झालेला. आणि तो रोज बदलायचा. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जायचो तेव्हा ते ओसरीवर बॅट आडवी धरून उभे असायचे. अंगठ्याच्या कडेवर बॅट तोलायची, पुढेमागे सरकवायची, कुठे स्थिर राहते ते बघायचं. "वर भारी झाली," म्हणायचे. लगेच आत हाक. वहिनी बाहेर येऊन खाली बसायच्या, ग्रिप वर गुंडाळत न्यायच्या, एक पट्टी सोडायच्या, थोडी पावडर मारून ग्रिप पुन्हा खाली उलगडायच्या. नाना बॅट हातात घेऊन दोन पावलं टाकायचे, हवेत एक फटका मारायचे. "आता पातं ओढतंय. अर्धी पट्टी परत घाल."

"अहो, भात करपेल," वहिनी म्हणायच्या.

"करपू दे. ही बॅट हातात फिरतीय."

हे कितीतरी वेळ चालायचं. वहिनी कधी रागावल्या नाहीत, हे मला तेव्हा मोठं नवल वाटायचं. माझ्या आईनं बॅट चुलीत घातली असती. दुसरं नवल म्हणजे, गुंडाळायचं, सोडायचं, ओढून घट्ट करायचं काम वहिनीच करायच्या. नाना नुसते सांगायचे. मला वाटायचं, काय हा माणूस, स्वतः काडीचं काम करत नाही.

खेळायचे मात्र अप्रतिम. उजव्या हाताचे फलंदाज, म्हणजे दांड्यावर डावा हात वर आणि उजवा खाली. त्यांचा डावा हात सगळी बॅट चालवायचा आणि उजवा नुसता दांड्याला टेकलेला असायचा, लग्नात वडीलधाऱ्यांनी आहेराच्या ताटाला हात लावावा तसा. चेंडू जमिनीवरून सरकत जायचा. कधी उंच नाही. साहेब तंबूत उभे राहून आम्हाला दाखवायचे, "बघा, बघा, उजवा हात बघा! दोन बोटं लावलीत फक्त. याला म्हणतात हलका हात. ही मुंबईची शाळा!"

आम्ही सगळे बघायचो आणि माना डोलवायचो.

मला खरं काय ते कळलं एका दुपारी. बाजाराचा दिवस होता. नाना कचेरीतून लवकर घरी गेले होते आणि एक नकाशा द्यायला मी मागोमाग गेलो. वहिनी बाहेर गेलेल्या. नाना स्वतःच्या दाराशी उभे. कुलूप डाव्या हातात, किल्ली उजव्या हातात. किल्लीलासुद्धा चिंधी बांधलेली. किल्ली कुलपात गेलेली होती आणि फिरत नव्हती. फिरत नव्हती म्हणजे नाना फिरवू शकत नव्हते. अंगठा आणि पहिली दोन बोटं आकड्यासारखी वाकून तशीच थांबली होती, ना मिटत होती ना उघडत होती. कपाळावर घाम. आणि त्यांच्या शर्टाची बटणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. ती बटणं नव्हतीच. वरून बटणं शिवलेली होती, पण आत टिचबटणं होती, नुसती दाबली की लागणारी.

मी पुढे होऊन किल्ली फिरवली. दार उघडलं. दोघंही आत गेलो नाही.

"कळलं ना?" नाना म्हणाले.

मी मान हलवली.

"मग कळलं तेवढ्यावर ठेव. बोलू नकोस कुठे."

मग त्यांनीच सांगितलं, उभ्या उभ्या, इकडून तिकडे फेऱ्या मारत. मुंबईत एका कंपनीत होते. तिथे हे दुखणं सुरू झालं. आधी लिहिताना बोटं आखडायची, मग ती पुरती मिटेनाशी झाली. डॉक्टर झाले, तेलं झाली, वैद्य झाले. कंपनीनं काही महिने बघितलं आणि मग नारळ दिला. इथे जागा निघाली तेव्हा हात बघायची वेळ कोणावर आली नाही, म्हणून निभावलं. बोटं दांडीपर्यंत जात नाहीत तर दांडीच बोटांपर्यंत आणायची, एवढा साधा हिशेब. आणि हात रोज वेगळा. थंडीत वेगळा, उन्हात वेगळा, सकाळी बरा, दुपारी संपलेला. म्हणून दांडा रोज वेगळा.

"साहेब आता ड्राफ्ट्समनची जागा कायम करणार आहेत," ते म्हणाले. "तेवढी एकदा झाली की मग काय ते बघू. इथून काढलं तर, बाबा रे, मला दुसरीकडे कोण टेबलाशी बसवणार? मला रेघ ओढण्याशिवाय येतं काय?"

मला त्यांच्या खिशातला तो हात आठवला. रामाचं नाव नव्हतं ते. ते खिशात बोटं उघडायची-मिटायची तालीम करत होते, दिवसभर, महिनोन् महिने. मी चेष्टा केली होती आणि ते हसले होते. मला फार वाईट वाटलं आणि ते कसं बोलून दाखवावं ते कळेना, म्हणून मी म्हटलं, "नाना, उद्यापासून दुपारच्या रेघापण मी ओढतो."

"ओढ," ते म्हणाले. "पण बारीक ओढ. तुझ्या रेघा म्हशीच्या शेपटीसारख्या असतात."

तर अशा तऱ्हेनं आमचं चाललं होतं. कचेरीत कोणाला पत्ता नव्हता. साहेब येऊन नकाशे बघायचे, खूश व्हायचे. मी धास्तावलेला असायचो. दार वाजलं की नानांच्या टेबलावरचं नकाशाचं कापड ओढून माझ्याकडे घ्यायचो, मग पुन्हा त्यांच्याकडे सरकवायचो. नानांची येरझार मलाही लागली होती. आमच्या खोलीत कोणी आलं तर दोन माणसं कामाला बसलेली नव्हे, गाडी चुकेल या भीतीनं उभी असलेली दिसत.

आणि मग साहेबांनी वापीच्या टीमशी सामना ठरवला.

वापीचे लोक रेल्वेच्या गावचे. त्यांच्यात शिकलेले खेळाडू, पॅडं चांगली, सगळं चांगलं. आमच्या साहेबांची इज्जत पणाला लागली. त्यांनी सरावात आमची फलंदाजी पाहिली, कपाळाला हात लावला आणि मग त्यांचं लक्ष गेलं नानांच्या दांड्याकडे. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना बोलावलं.

"नाना असे का खेळतात?" त्यांनी विचारलं. "दांड्यामुळे! दांडा जाड म्हणून हात हलका. हात हलका म्हणून चेंडू खाली. टेक्निक आहे हे. रविवारच्या आत आपल्या टीमच्या सगळ्या बॅटी नानांच्या बॅटीसारख्या झाल्या पाहिजेत."

नाना खिडकीशी होते ते वळले. "साहेब, ते ज्याच्या त्याच्या हातावर असतं."

"विनय पुरे, नाना."

"विनय नाही, साहेब. मला तशी लागते. तुम्हाला नाही लागणार."

"आम्हालाही लागेल. सवय झाली की लागेल," साहेब म्हणाले, आणि विषय संपला. सरकारी कचेरीत एका माणसाची सवय दहा माणसांना लावायला एवढंच पुरे असतं.

मग जो प्रकार सुरू झाला तो सांगून खरा वाटणार नाही. आमलीच्या सायकलवाल्याकडे रांग लागली. ज्याला त्याला ट्यूबच्या पट्ट्या हव्या. शिरस्तेदार आले, कारकून आले, तलाठी आले. साहेबांची मुंबईहून मागवलेली कोरी बॅट चपराशी दोन्ही हातांवर आडवी धरून घेऊन आला, नैवेद्याचं ताट आणावं तशी. सायकलवाला चार दिवस कापत होता. शेवटी मला म्हणाला, "नकशावाळा साहेबने के'जो, ट्यूब खतम थई गई. आता वापीथी मंगावी पडशे." नंतर महिनाभर गावात ज्याची सायकल पंक्चर होई तो कचेरीच्या नावानं बोटं मोडायचा.

हे सगळं पाहताना नानांची जी अवस्था होती ती मलाच ठाऊक. टेबलाशी बसवेना, उभं राहवेना. एकेक जण येऊन विचारायचा, "नाना, एवढी जाडी पुरे की आणखी?" आणि नाना हातात बॅट घेऊन, तोलून, अगदी खरं खरं सांगायचे, "तुम्हाला जास्त होतीय. दोन पट्ट्या काढा." तो माणूस हसून म्हणायचा, "स्वतःची युक्ती स्वतःजवळ ठेवताय होय!" आणि आणखी एक पट्टी चढवायचा.

"सांगून टाकू का रे?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं. "हरली टीम तर हरली. जागा कायम होईपर्यंत तोंड उघडू नका."

"पण त्यांचे हात चांगले आहेत रे," नाना म्हणाले. "चांगल्या हातांचं मातेरं चाललंय माझ्यापायी."

सामन्याच्या दिवशी आमची पहिली बॅटिंग. मोहाच्या झाडाखाली मांडव घातलेला. साहेबांच्या घरून पुरीभाजीचे डबे आलेले. नाना आणि शिरस्तेदार सलामीला गेले. नाना नेहमीसारखे. पहिला चेंडू सोडला, दुसरा खाली ठेवला, तिसरा असा काही सरकवला की वापीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. शिरस्तेदारांची बोटं मात्र दांड्याभोवती पुरती जाईनात. चेंडू पात्याच्या कडेला लागला, बॅट हातात गर्रकन फिरली आणि चेंडू अलगद बोलरच्या हातात. मग एका कारकुनानं आवेशात बॅट फिरवली ती बॅटच सुटली, थेट अंपायरकडे गेली, आणि अंपायरनं जी उडी मारली तशी उडी त्या दिवशी दुसऱ्या कोणी मारली नाही. तलाठी त्रिफळाचीत झाले, कारण मनगट वळेना. मग साहेब गेले. साहेबांनी नानांची नक्कल करून उजवा हात अगदी हलका ठेवला, दोन बोटांचा. चेंडू पॅडवर आदळला. बॅट चेंडूनंतर बऱ्याच वेळानं खाली आली.

जेवणाच्या सुट्टीला निम्मी टीम तंबूत परतली होती. धावफलकावर जे काही होतं ते जवळपास सगळं नानांचं होतं आणि नाना नाबाद होते.

पुरीभाजी कोणाच्या घशाखाली उतरेना. साहेब एका कडेला पॅड सोडत बसले होते. नाना मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जात होते आणि परत येत होते. वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या, त्यांची नजर नानांवर होती. साहेबांनी मान वर केली.

"नाना, आमचं कुठे चुकतंय?"

रागावून नाही विचारलं त्यांनी. खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं, नाना कदाचित गप्प राहिले असते. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पेटीतून त्यांनी ग्रिप कापायचं ब्लेड काढलं. साहेबांची बॅट मांडीवर घेतली. डाव्या हातानं दांडा धरला, उजव्या हातात ब्लेड घेतलं, आणि सगळ्यांच्या देखत ते ब्लेड त्यांच्या बोटांतून गळून जमिनीवर पडलं. त्यांनी ते उचललं. पुन्हा पडलं.



"साहेब, तुम्हीच कापा," नाना म्हणाले. "माझ्यानं होत नाही." आणि नेहमी खिशात लपवायचे तो आपला उजवा हात त्यांनी सरळ साहेबांपुढे धरला, बोटं जशी वाकलेली होती तशीच. "मला मिटत नाहीत ही. म्हणून माझा दांडा जाड. यात टेक्निक काही नाही. तुमचे हात धडधाकट आहेत, साहेब. तुम्हाला कशाला हवंय हे?"

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मला दिसत होतं, त्यांना सगळं कळत चाललंय, नुसतं दांड्याचं नव्हे. सकाळच्या रेघा आणि दुपारच्या रेघा, सगळं. त्यांनी एकदा माझ्याकडेही पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मग त्यांनी ब्लेड उचललं आणि आपल्या कोऱ्या बॅटीवरचं रबर चराचरा कापून काढलं. मग बाकी सगळे उठले. ज्याला त्याला कापायचं होतं. मोहाच्या बुंध्याशी रबराच्या पट्ट्यांचा ढीग पडला. नाना एकेकाला सांगत होते, "खालचा दोरा ठेवा. नाही नाही, तो मूळचा आहे, त्याला हात लावू नका. आता धरून बघा. भरली का मूठ?" त्यांचा चेहरा असा मोकळा मी आधी कधी पाहिला नव्हता. खाली बसले होते ते, भाजीच्या डब्याशेजारी, चक्क मांडी घालून. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

दुपारी आमच्या लोकांनी बऱ्या धावा केल्या. नाना शेवटपर्यंत बाद झाले नाहीत, बाकीचे एकेक करून झाले. वापीनं संध्याकाळपर्यंत आमच्या धावा ओलांडल्या. हरलो, पण अब्रूनं हरलो.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी खटपट केली. नानांना दुसऱ्या कामावर घेता येईल का म्हणून वर विचारलं. वरून उत्तर आलं, ज्या कामासाठी माणूस घेतला ते काम येत नसेल तर ठेवायचा कशाला. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं. आणि जागा तर भरायची होती. नकाशे अर्धे राहिले होते आणि त्यावरचं अक्षर कोणाचं हे आता साहेबांना माहीत होतं. ड्राफ्ट्समनची जागा कायम झाली. ती मला मिळाली.

मला आनंद झाला. कायम नोकरी लागल्यावर कोणाला होत नाही? आणि त्या आनंदानं मला अन्न गोड लागेना. नानांना कसं तोंड दाखवावं ते कळेना. दोन दिवस मी आमलीच्या बाजूनं वळसा घालून कचेरीत जात होतो. तिसऱ्या दिवशी नानांनीच वाटेत गाठलं. "गाढवा," म्हणाले, "जागा दुसऱ्या कोणाला गेली असती तर मला जास्त लागलं असतं. उगाच लांबून काय जातोस? चपला झिजतील."

वहिनींच्या भावाचं चिपळूणला भांड्यांचं दुकान होतं. तिथे जायचं ठरलं. दुकानातल्या झाऱ्या-कालथ्यांचं आता काय होणार, या विषयावर कचेरीत बरेच विनोद झाले. नानांनीही त्यात भर घातली.

ते गेले त्या दिवशी मी वापीच्या बसपर्यंत पोहोचवायला गेलो. सामान टपावर चढलं होतं. बॅट मात्र नानांनी आत घेतली, आपल्याजवळ. बस सुटायला आली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून टाक काढला. तोच, मुसळासारखा.

"हा तुला," म्हणाले. "निब चांगली आहे. अशी निब आता मिळत नाही."

मी घेतला. हातात मावेना.

"थांब, थांब. तसा नको नेऊस." ते खिडकीतून मागे वळले. "अगं, याचा हात बारीक आहे. त्याच्या मापाचा करून दे."

वहिनींनी टाक माझ्या हातातून परत घेतला. दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि वेढे सोडायला लागल्या. तो दोरा त्यांनीच गुंडाळला होता, एकेक वेढा, नानांची बोटं जसजशी कमी मिटत गेली तसतसा. आता तो त्यांच्या मांडीवर उलगडत साठत होता. दोनदा त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा सोडायला लागल्या. कंडक्टरनं घंटी मारली.

"बघ," नाना म्हणाले. "भरली का मूठ?"

मी टाक धरला. बस घरघरत होती, ड्रायव्हर मागे बघत होता, माझ्या डोळ्यांना पुढचं दिसत नव्हतं. भरली म्हणून मोकळं व्हावंसं वाटत होतं. पण या माणसाला खोटं सांगता येण्यासारखं नव्हतं, निदान दांडीच्या बाबतीत.

"थोडा जाड वाटतोय अजून, नाना."

"मग बोलायला काय झालं!" ते एकदम उभे राहिले, डोकं वर फळीला आपटलं. "अगं, आणखी तीन वेढे काढ. कंडक्टर, थांबा हो जरा! माणसाच्या हाताचं काम आहे!"

कंडक्टर थांबला. वहिनींनी वेढे काढले, गाठ मारली आणि टाक माझ्या हातात दिला. मी धरला. बोटं नीट बसली.

"भरली," मी म्हटलं.

"बघू," म्हणत नानांनी खिडकीतून आपला उजवा हात बाहेर काढला आणि टाकासकट माझी मूठ त्या वाकड्या बोटांनी चाचपून पाहिली. बस हलली तरी त्यांनी हात सोडला नव्हता. मी चार पावलं बसबरोबर चालत गेलो.